गुलाबातला पिवळा तारा

दादा, पिवळा सापडला!

सापडला त्या क्षणी मी तुला फोन लावायला गेले. मोबाइलवर तुझं नाव आलं, शेजारी तुझा तो माकडटोपीतला फोटो आला, आणि मग लक्षात आलं. तरी हात लगेच मागे येईना. फोन आता वहिनीच्या उशाशी असतो, दुपारी तिचा कुठे जरा डोळा लागतो, म्हणून ठेवून दिला. मग स्टुडिओत एकटीच चकरा मारल्या, पाणी प्यायले, पुन्हा येऊन स्क्रीनकडे पाहिलं. होता, तिथेच होता. आणि पिवळा म्हणजे काय पिवळा! जरासा केशरीकडे झुकलेला, तू सांगायचास अगदी तसा. एवढी मोठी बातमी पोटात घेऊन मी किती दिवस फिरणार? तुला सांगितल्याशिवाय ती खरी वाटत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही. भेटायला येणारे म्हणतात, मास्तर फार शांत माणूस होता. मी मान हलवते. मनात म्हणते, शांत? या माणसानं एका ताऱ्याच्या रंगावरून माझ्याशी अख्खा हिवाळा भांडण केलं आहे. शाळेत मुलांवर आवाज न चढवणारा माझा भाऊ फोनवर मला म्हणायचा, "सुजाता, तुझे डोळे हायत का बटनं?" लोकांना हे सांगून काय उपयोग. ते चहा पितात, तुझ्या फोटोकडे पाहतात आणि उठतात.

काही जण मात्र विचारतात की मास्तर गच्चीवर दुर्बीण लावून करायचे तरी काय. आपला उद्योग दुसऱ्याला समजावून सांगायची पाळी आजवर तुझ्यावर यायची, आता ती माझ्यावर आली आहे. मला तुझ्याइतकं चांगलं सांगता येत नाही. मी म्हणते, भाऊ नाकाडोंगरीला मास्तर. तिकडे जंगल, एका बाजूच्या खाणीचे दिवे सोडले तर अंधार चांगला. त्याच्याकडे रंगीत कॅमेरा. मी भंडाऱ्याला फोटो स्टुडिओवाली, माझ्या गच्चीभोवती रस्त्याचे दिवे आणि लग्नाच्या लॉनची रोषणाई. म्हणून माझ्याकडे काळापांढरा कॅमेरा आणि त्याच्यापुढे दोन फिल्टर. एक फिल्टर हायड्रोजनचा गडद लाल उजेड तेवढा आत सोडतो, दुसरा ऑक्सिजनचा निळसर हिरवा. बाकी सगळा उजेड दाराबाहेर. त्यामुळे शहरात बसूनही मला आकाशातल्या तेजोमेघाचा, त्या चमकत्या वायूच्या ढगाचा, एकेक पदर दिसतो. मात्र असल्या फिल्टरला ताऱ्यांचा रंग कळत नाही, त्याला सगळे तारे सारखेच. तारा निळा की तांबडा हे भावानं सांगायचं. मेघ माझा, रंग त्याचा, दोन्ही कॉम्प्युटरवर एकत्र करून एक चित्र.

ऐकणारा म्हणतो, "मंग एकानंच काहून नाही काढलं?" हा प्रश्न आपल्याला कधी पडलाच नाही, दादा. तुझ्याकडे कडाक्याची थंडी आणि अंधार होता, माझ्याकडे कॉम्प्युटर आणि मिक्सिंगचा हात होता. आणि भांडायला दोघं लागतातच.

हे सगळं आसगावात सुरू झालं, हे मी कोणाला सांगत नाही. धान कापून झालं की शेतात पेंढ्यांचे उंच पुंजणे रचलेले असायचे, आणि राखणीला बाबांबरोबर आपण जायचो. पुंजण्याला पाठ टेकून तू बोटानं मृग नक्षत्र दाखवायचास, त्याच्या खांद्यावरचा तांबडा आणि पायाचा निळा. मी म्हणायचे सगळे पांढरेच तर आहेत. तू माझी मान धरून एकदा इकडे, एकदा तिकडे वळवायचास. "घाई नोको करू. पाहत राहा, रंग येते." आणि यायचा! तांबडा तांबडा व्हायचा. त्या वयात मला ती तुझीच करामत वाटली होती.

पुढे गोंदिया वेगळा जिल्हा झाला, नोकरदारांची इकडे की तिकडे अशी वाटणी चालली होती, त्या गडबडीत तू नोकरीला लागलास. मी फोटोचं काम शिकायचं म्हटलं तर बाबा ऐकेनात. पोरगी लग्नामांडवात कॅमेरा घेऊन फिरणार, लोक काय म्हणतील. तू तेव्हा पहिल्या सुट्टीत घरी आला होतास. तू बाबांशी वाद घातला नाहीस. त्यांच्याशेजारी बसून नुसतं म्हणालास, "बाबा, इले रंग दिसते." बाबांना काय कळलं कोण जाणे, पण त्यानंतर त्यांनी मला अडवलं नाही. माझं सगळं पोट त्या एका वाक्यावर चाललं आहे. हे मी तुला कधी म्हटलं नाही. आता म्हणते.

तर पिवळा.

मृगाच्या डावीकडे, शृंगाश्व तारकासमूहात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एक गोल तेजोमेघ आहे. त्याला तू सरळ गुलाब म्हणायचास. लाल पाकळ्यांचं वर्तुळ, मधे पोकळी, आणि पोकळीत निळसर पांढऱ्या तरण्या ताऱ्यांचा घोळका. त्यांच्याच उजेडानं सगळा गुलाब पेटतो. त्या घोळक्यात एक तारा पिवळा. तो त्यांच्यातला नव्हेच. तो कितीतरी अलीकडे, आपल्या बाजूला आहे, नेमका रेषेत येतो म्हणून फोटोत त्यांच्यात उभा दिसतो. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसत सुटले होते. लग्नाच्या प्रत्येक ग्रुप फोटोत असा एक जण असतोच! ना वराकडचा, ना वधूकडचा, पण मधोमध उभा, चांगलं हसतो आहे. अल्बम करताना आम्ही घरच्यांना दाखवून विचारतो, हा ठेवायचा की काढायचा? तू म्हणालास, "तसाच हाय हा. पण याले पिवळाच ठेवजो. तो पिवळा नाही दिसला तं सारा फोटो खोटा."

आणि तोच दिसेना! पहिल्या हिवाळ्यात तू पेन ड्राइव्ह पाठवायचास, मी उघडायचे, आणि तो पांढराफटक. मी म्हणायचे, तुझ्या कॅमेऱ्यातच दोष आहे. तू म्हणायचास, माझ्याकडे जरासा पिवळा दिसते, तुझ्याकडेच काहून नाही? तू फोकस तपासलास, केबल बदललीस, लेन्सवर दव पडतं म्हणून वहिनीचा हेअर ड्रायर पळवलास. मी स्क्रीन बदलली. आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही की स्टुडिओच्या त्या कॉम्प्युटरवर आमची हळदीची सेटिंग लावून ठेवली होती. हळदीच्या कार्यक्रमात नवरीचं तोंड इतकं पिवळं येतं की फोटो आत घेतानाच पिवळा आपोआप मारला जावा, अशी ती सोय. माझी मशीन तुझ्या ताऱ्याची हळद पुसत होती, दादा! हे कळलं तेही एका नवरीमुळेच. हळद लागलेली असूनही ती पिठात बुडवल्यासारखी दिसत होती, तिची आई म्हणाली, "माह्या पोरीले हळद लागलीच नाही का?" आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. सेटिंग काढली तशी ताऱ्यावर नुसती पिवळी झाक आली, खरा पिवळा नव्हे. तुला फोन केला तर तू इतका हसलास की वर्गातली पोरं हसायला लागलेली मला फोनवर ऐकू आली. त्या दिवसापासून तू मला 'हळदवाली' म्हणायला लागलास. आता तसं म्हणणारं कोणी राहिलं नाही. तू चिडवायचास तेव्हा राग यायचा, आणि आता कोणी चिडवावं म्हणून जीव तुटतो.

खरं भांडण त्यानंतरचं. तेच अर्धं राहिलं.

माझ्या काळ्यापांढऱ्यात गुलाब कसा येतो हे तू पाहिलंस तेव्हा तू स्क्रीनला नाक लावून बसला होतास. पाकळ्यांतल्या काळ्या धुळीच्या रेघा, आतल्या कडेला ऑक्सिजनचा पातळ पदर. तुझ्या रंगीत फोटोत त्याच्या निम्मंही नव्हतं. पण दोन्ही एकावर एक ठेवले की घोटाळा. माझा हायड्रोजन नुसताच उजेड म्हणून वर घातला तर गडद लाल जाऊन पेरूच्या आतल्या गरासारखा गुलाबी यायचा. लाल रंगात ओतला तर मेघ सुंदर व्हायचा, मात्र ताऱ्यांचं वाटोळं. फिल्टरमधून आलेले माझे तारे बारीक, तुझे टपोरे. एकावर एक बसले की कुणाभोवती जांभळी कडी, कुणाला निळी झालर. आणि पिवळा पुन्हा बेपत्ता.

मी म्हटलं, सोपं आहे. तारे वेगळे काढू, मेघ वेगळा काढू, मेघावर मनासारखं काम करू आणि शेवटी तारे पुन्हा जागेवर बसवू. आमची तर ही रोजची रीत. ग्रुप फोटोत मामानं डोळे मिटले असतील तर आम्ही शेजारच्या फोटोतून उघड्या डोळ्यांचा मामा आणून बसवतो. मामा तोच, वेळ तीच, फोटोही त्याच घरचा.

तू भडकलास. "तारे खुडून मंग चिटकवशील तं तो आकाशाचा फोटो नाही राह्यला. लग्नाचा अल्बम झाला तो. मी थंडीत बसून एकेक तारा जमा करून राहिलो, अन् तू त्याईले कात्रीनं कापून राहिली."

"मग तू सांग, मेघ कसा दिसणार?"

"थोडा कमी दिसू दे. खोटा नोको दिसू दे."

रविवारी नाकाडोंगरीला जेवायला बसलो की हेच. वहिनी वाढता वाढता म्हणायची, "तुमी बहीण-भाऊ जेवा बापा आधी. तारे कुठं पळून नाही जाऊन राहिले." तिला तुझं हे गच्चीवर बसणं कधी पटलं नाही. तुला खोकला व्हायचा, आणि तुझं स्वेटर तिला रोज सकाळी दवानं ओलं सापडायचं. पण तुझ्या थर्मासात चहा तीच भरायची.

शेवटचा फोन शाळेच्या मधल्या सुट्टीतला. तुझे गुलाबाचे सगळे फोटो लांब एक्स्पोजरचे होते, मेघाला उजेड पुरावा म्हणून. त्यात तारे जळायचे. मी तुला कधीची सांगत होते, ताऱ्यांसाठी वेगळे, थोडक्या वेळाचे घे. आपल्या बौद्ध लग्नात नवरानवरी दोघंही पांढऱ्यात असतात, त्यामुळे मला एक ठाऊक आहे: पांढरं एकदा जळलं की त्यात घडी राहत नाही, मागाहून कितीही ओढा. जळलेल्या ताऱ्यातही रंग राहत नाही. शेवटी तू ऐकलंस, गच्चीवर गेलास, आणि नेमकं धुकं आलं. "पाठवले हायत," तू म्हणालास, "पण सारे धुक्यातले. तारे पाय, कापसाच्या बोंडासारखे फुगले. पुसून टाक. चांदणं सरलं की पुन्हा घेतो मी." आणि फोन ठेवता ठेवता, "अन् आयक, तारे खुडशील तं माहं नाव नोको टाकू त्या फोटोवर."

मी काहीतरी उलट बोलले. काय ते आठवत नाही, आणि बरं आहे. आपलं कुठलंच बोलणं सुलट नसायचं. चांदणं सरायच्या आत तू गेलास. सकाळी, शाळेला निघताना, दारात चप्पल घालता घालता.

मोठा फोटो मीच केला, तुझा. वहिनी म्हणाली, दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ नको. इतकी वर्षं लोकांचे गेलेले आईबाप मी हार घालण्याजोगे करून दिलेत, सुरकुत्या जरा कमी, गाल जरा उजळ. तुझ्या चेहऱ्यावर माउस चालेना. डोळ्यांखालची ती जाग्रणाची काळी वर्तुळं पुसायची म्हणून झूम केलं, आणि हात तिथेच थांबला. राहू दिली. ती तुझी कमाई होती.

वहिनी त्या दिवशी स्टुडिओत आली होती, फोटो न्यायला. जाताना दारात थांबली. म्हणाली, "सुजाता, एवढ्या राती त्यायनं गच्चीवर काढल्या. मी बोलत राहिलो, ते जात राह्यले. त्यायनं काय जमा केलं ते मले दाखवशील का?"

मी म्हटलं, दाखवते ना वहिनी, आत्ता दाखवते. आणि माझा काळापांढरा गुलाब उघडला, कारण तोच देखणा होता. तिनं पाहिला, मान हलवली. मग म्हणाली, "हा तुया हाय वं. त्यायचं दाखव. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यायच्या फोटोजवळ ठेवतो मी."

तिला एवढंच हवं होतं. नवऱ्यानं थंडीत बसून आणलेलं काहीतरी, स्मरणाच्या त्या कार्यक्रमात चार माणसांसमोर, त्याच्या फोटोशेजारी. आणि माझ्याकडे ते नव्हतं. तुझे चांगले फोटो उघडले तर तारे सगळे जळून पांढरे, मेघ फिका. माझा मेघ त्यावर घातला की तुझं काहीच उरत नव्हतं, आणि तुझं ठेवलं तर पाहणाऱ्याला काही दिसत नव्हतं. नागपूरचे आपले ओळखीचे सर, दुर्बिणीवाले, त्यांना पाठवून पाहिलं. ते भल्या मनानं म्हणाले, या डेटात दम नाही, नवीन रंग मी काढून देतो. चांगला माणूस. पण मग तो त्यांचा रंग झाला असता. वहिनीला मी काय सांगणार होते, की हे तुझ्या नवऱ्याचं समज?

मला रडू आलं, ते तू गेलास तेव्हाचं रडू नव्हतं. हे चिडून आलेलं होतं. इतक्या थंडीचं, इतक्या खोकल्याचं काहीच कसं उरू नये?

आणि मग ते धुक्यातले आठवले.

तू पुसायला सांगितले होतेस. मी पुसले नव्हते. तुझ्यावरच्या मायेनं नव्हे रे, सवयीनं! आमच्या धंद्याचा एकच धर्म: अल्बम घरी जाईपर्यंत कुठलाही मूळ फोटो पुसायचा नाही. मिटलेल्या डोळ्यांचा नाही, हललेला नाही, कॅमेरा खांद्यावर असताना चुकून निघालेल्या जमिनीचाही नाही. कारण कधी कोणत्या फोटोतून कोणाचा हात, कोणाचा पदर लागेल सांगता येत नाही. तुझे धुक्यातले तसेच हार्ड डिस्कवर पडून होते.

उघडले. सगळे फुगलेले, मऊ, कडा नसलेले. तू म्हणालास तसे, फुटलेल्या बोंडांसारखे. मी उगाच रंग थोडा वर चढवला, आणि दादा, मी खुर्चीतून उठले!

रंग! काय रंग होते रे! धुक्यानं ताऱ्याचा उजेड एका ठिकाणी साचूच दिला नव्हता. तो भोवती पसरला होता, म्हणून जळला नव्हता. प्रत्येक ताऱ्याभोवती त्याच्या त्याच्या रंगाचं एक छोटं वलय होतं. घोळक्यातले निळे निळे होते, कडेला एक तांबूस होता जो आपण कधी पाहिलाच नव्हता. आणि मधे, हसत उभा असलेल्या पाहुण्यासारखा, पिवळा. तू वाया गेले म्हणून रडत होतास तेच फोटो! स्वच्छ आकाशात जे साधलं नाही ते तुझ्या बिघडलेल्या आकाशानं साधलं होतं, आणि ते ऐकायला तू नाहीस. इतका आनंद आणि इतका राग मला एकाच वेळी कधी आला नव्हता.

यानंतरचं ऐक, हे तुझ्या भांडणाचं उत्तर आहे. ते मला धुणी वाळत घालताना सुचलं.

तू म्हणालास तारे खुडू नको. मी म्हणत होते खुडल्याशिवाय जमत नाही. पण कुणाचे तारे, हे आपण दोघांनीही कधी विचारलंच नाही! तारे काढायचे ते माझ्यातले काढायचे. माझे नाहीतरी बिनरंगाचे, बारीक, त्यांचा काय उपयोग? मी माझ्या हायड्रोजनमधून सगळे तारे काढले, ऑक्सिजनमधूनही काढले. उरला नुसता मेघ. आणि तुझा फोटो, तो धुक्यातला, अख्खा खाली ठेवला. त्यातल्या एका ताऱ्यालाही हात लावला नाही. मग त्यावर माझा मेघ हलक्या हातानं उतरवला. हायड्रोजन लालमध्ये, जिथे माझा उजेड तुझ्या लालपेक्षा जास्त असेल तिथेच. ऑक्सिजन हिरव्यात आणि निळ्यात, चवीपुरता. पाकळ्या उमलायला लागल्या. पेरूचा गुलाबी नाही, आतून तापलेला गडद लाल. पोकळीत निळसर झाक. तारे तुझे, जिथल्या तिथे, जांभळी कडी नाही, झालर नाही. तुझ्या धुक्यामुळे जरा मऊ, जरा मोठे. मी त्यांना बारीक करायला गेले आणि थांबले. धुकं पडलं होतं ते पडलं होतं. ते पुसलं तर तू म्हणाला असतास, झाली लग्नाच्या अल्बमला सुरुवात.

तू खरा होतास, दादा. आणि मीही खरी होते. हे तू असतास तर कबूल केलं नसतंस, आणखी एक हिवाळा गेला असता. मला तो हिवाळा हवा होता.

प्रिंट काढण्याआधी वहिनीला बोलावलं. स्क्रीनसमोर बसवलं आणि सांगितलं, हे लाल माझं, पण यातला एकूण एक तारा त्याचा, त्या धुक्यातल्या थंडीतला. तिनं पदरानं चष्मा पुसला आणि स्क्रीनला बोट लावलं. स्क्रीनला बोट लावलं की मी एरवी ओरडते.

"हा एकटाच पिवळा काहून हाय?"

मी सांगितलं. हा त्यांच्यातला नाही वहिनी. ते सगळे फार लांब आहेत. हा मधेच आहे, आपल्या अलीकडे. रेषेत येतो म्हणून त्यांच्यात दिसतो. आणि सवयीनं, खरंच नुसत्या सवयीनं, माझ्या तोंडून निघून गेलं, "ठेवायचा की काढायचा?"

वहिनीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही भलतंच बोलले.

"आपल्या इकडचा हाय ना तो? मंग कायले काढतं? राहू दे त्याले."

मग मी खाली कोपऱ्यात नाव टाकलं. तुझं. तारे खुडले नाहीत, त्यामुळे तुला तक्रारीला जागा नाही. माझं नाव टाकायला वहिनीनंच सांगितलं, तुझ्या खाली, बारीक अक्षरात.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात तुझ्या फोटोशेजारी तो ठेवला. मेणबत्त्या, पांढरी फुलं, आणि मधे तो लाल गुलाब. आसगावच्या काकू वाकून वाकून पाहत होत्या. "कोन्तं फूल हाय वं हे? आपल्याकडं नाही होत." मी पुढे व्हायला गेले, तर वहिनी आधीच तिथे होती. शांतपणे सांगत होती, हे आभाळातलं आहे, याला गुलाब म्हणतात, आपल्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ते गच्चीवर बसून हेच जमा करायचे. मग तिनं काचेवर बोट ठेवलं, नेमकं त्याच्यावर.

"अन् हा पिवळा पाहा. हा तेथचा नाही. हा आपल्या जवळ हाय."

चित्र वहिनी घरी घेऊन गेली. म्हणजे आमच्या हिशेबानं अल्बम घरी गेला, आता मूळ फोटो पुसायला मोकळीक. तू तर केव्हाच पुसायला सांगितलं होतंस. मी नाही पुसणार, दादा. काय करायचं ते कर.